विदुषीला शेवटी शिक्षाच व्हायला हवी का? ऐतिहासिक कादंबरीच्या लेखक-संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठीत ऐतिहासिक कादंबरी लिहिणारे लेखक, अनुवादक, संपादक आणि प्रकाशक यांस,

सप्रेम नमस्कार.

सतराव्या शतकात मोसुल शहरातील यहुदी पाठशाळेची धुरा वाहणाऱ्या एका स्त्रीवर मी गेली सहा वर्षे कादंबरी लिहीत आहे. मागच्या वर्षी पूर्ण झालेली संहिता मी एका प्रकाशनसंस्थेकडे पाठवली आणि चार महिन्यांनी ती परत आली. सोबतचे पत्र सौजन्याने लिहिलेले होते. भाषा चांगली आहे, अभ्यास दिसतो, पण नायिका कुठेच पकडली जात नाही, ती पुरुषवेश घेत नाही, तिच्यावर बहिष्कार पडत नाही, तिचे ग्रंथ कोणी जाळत नाही. त्यामुळे ‘निषिद्ध विद्या’ या विषयातला ताण वाचकापर्यंत पोहोचत नाही, असे संपादकांचे म्हणणे होते. शेवटच्या भागात तिला शिक्षा झाली तर पुस्तक उभे राहील, असेही त्यांनी सुचवले होते. संहिता परत येणे लेखकाला नवे नसते आणि त्याची तक्रार करण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. मात्र शिकलेल्या बाईच्या गोष्टीला शेवटी शिक्षा हवी, ही अपेक्षा फार जुनी आहे आणि तिने यहुदी परंपरेतील सर्वांत नामवंत विदुषीचे काय केले ते मला ठाऊक आहे, म्हणून आपणा सर्वांशी बोलणे मला अगत्याचे वाटले.

त्या विदुषीचे नाव ब्रुरिया. ती दुसऱ्या शतकातली, रोमन अमलाखालची. तिचे वडील रब्बी, म्हणजे यहुदी धर्मपंडित, हनन्या बेन तेरादियोन यांना तोरेच्या, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाच्या, गुंडाळीत लपेटून रोमनांनी जिवंत जाळले, असे तालमूद हा यहुदी शास्त्रचर्चेचा प्राचीन ग्रंथ सांगतो. तिचा नवरा रब्बी मेइर हा त्या काळातला अग्रगण्य पंडित. हिवाळ्याच्या एका दिवसात तीनशे गुरूंकडून तीनशे निर्णय ती शिकली, अशी तिची ख्याती तालमूदमध्ये नोंदलेली आहे. एकदा रस्त्यात रब्बी योसे यांनी तिला विचारले, ‘आम्ही कोणत्या वाटेने लोदला जावे?’ बायकांशी फार बोलू नये असे ज्ञानी पुरुषांचे वचन होते. तिने त्यांना तेच ऐकवले: दोनच शब्दांत विचारता आले असते, ‘लोदला कुठून?’ ज्या नियमाने तिला गप्प बसवायचे, तोच तिला त्यांच्यापेक्षा चोख पाठ होता. या एका प्रसंगात मला अख्ख्या कादंबरीचा ऐवज दिसतो.

पण तिची खरी कहाणी दाराच्या एका अडसरात आहे. दाराला लावायचा विशिष्ट प्रकारचा अडसर धार्मिक दृष्ट्या अशुद्ध होऊ शकतो की नाही, यावर पंडितांचा वाद चालला होता. तोसेफ्ता या प्राचीन संग्रहात ब्रुरियाचे मत दिले आहे: शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी तो या दारावरून सरकवून काढावा आणि दुसऱ्या दाराला टांगावा. पुढे अशीही नोंद आहे की, हे मत कानी आल्यावर एका ज्येष्ठ रब्बींनी ‘ब्रुरिया योग्य बोलली’ अशी पावती दिली. आता मिश्ना उघडा. मिश्ना हा प्रमाण ग्रंथ, तो सर्वांनी पाठ करायचा. तिथे तोच वाद आहे, तोच अडसर आहे, तेच शब्द आहेत. मात्र ते रब्बी यहोशुआ यांच्या तोंडी आहेत आणि ब्रुरियाचे नाव नाही. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी काही जाळले नाही. एक नाव गळले आणि त्याजागी दुसरे बसले, एवढेच घडले. आपल्या संपादकांना हवा असलेला ताण मला इथे, या एका ओळीत दिसतो.

यानंतर कथाकार येतो. तालमूदमध्ये एके ठिकाणी रब्बी मेइर देश सोडून बाबिलोनियाला पळाले असा उल्लेख आहे आणि काहींच्या मते त्याचे कारण ‘ब्रुरियाची घटना’ होते, इतकेच मोघम शब्द आहेत. ही घटना कोणती ते तिथे सांगितलेले नाही. ब्रुरियाच्या काळानंतर जवळजवळ नऊशे वर्षांनी, अकराव्या शतकातील फ्रान्समधले थोर भाष्यकार राशी यांच्या भाष्यात ती रिकामी जागा भरलेली सापडते. स्त्रियांची बुद्धी हलकी असते या वचनाची ब्रुरियाने थट्टा केली. नवऱ्याने तिची परीक्षा पाहण्यासाठी आपल्याच शिष्याला तिला मोहात पाडायला पाठवले. बरेच दिवस नकार देऊन अखेर ती वश झाली. खरा प्रकार कळल्यावर तिने गळफास घेतला आणि नवरा लाजेने परागंदा झाला. त्याआधीच्या कोणत्याही उपलब्ध ग्रंथात ही कथा नाही. तरीही पुढच्या पिढ्यांना ब्रुरिया या शेवटानेच माहीत झाली. तिला तिच्या काळातल्या कोणत्याही धर्मसभेने शिक्षा केल्याची नोंद नाही. ती केली एका गोष्टीने, ती रचणाऱ्याला शिकलेल्या बाईचा शेवट वाईट व्हायला हवा होता म्हणून. आपण ऐतिहासिक कादंबरी लिहितो म्हणजे नेमके हेच काम करतो, जुन्या ग्रंथांतल्या रिकाम्या जागा भरतो. ज्या जागेत एकदा गळफास भरला गेला, तिथे आपण काय भरतो याची जबाबदारी आपल्यावर आहे, असे मी मनापासून मानते.

निषेध होता, यात शंका नाही. मिश्नामध्ये रब्बी एलिएझर म्हणतात, जो मुलीला तोरा शिकवतो तो तिला जणू छचोरपणा शिकवतो. यरुशलेमच्या तालमूदमध्ये तर त्यांचे याहून कठोर उद्गार आहेत: तोरेचे शब्द जळून जावेत, पण स्त्रियांच्या हाती देऊ नयेत. बाराव्या शतकात थोर यहुदी धर्मशास्त्री मायमोनिदीस यांनी कायद्याची मांडणी करताना याच मताला आधार दिला. परंतु मिश्नातल्या त्याच परिच्छेदात, एलिएझर यांच्या अगदी आधी, बेन अझ्झाई यांचे मत आहे की बापाने मुलीला तोरा शिकवलीच पाहिजे. दोन्ही वाक्ये एकाच पानावर, शेकडो वर्षे, पोरांच्या तोंडी पाठ झालेली. ज्या कादंबरीत फक्त एलिएझर दिसतात, ती अर्धेच पान वाचून लिहिलेली असते. बेन अझ्झाई यांचे वाक्य ज्या बापाला आठवत होते आणि ज्याच्या घरी मुलगा नव्हता, त्याच्या घरात काय घडले असेल, हा प्रश्न मला कोणत्याही पुरुषवेशापेक्षा अधिक खोल वाटतो.

असे बाप होते. बाराव्या शतकातील बगदादच्या पाठशाळेचे प्रमुख शमुएल बेन अली यांना मुलगा नव्हता, एकच मुलगी होती. रेगेन्सबुर्गचा प्रवासी पेताह्या याने तिच्याविषयी लिहून ठेवले आहे: ती शास्त्रात आणि तालमूदमध्ये पारंगत असून तरुणांना शिकवते, ती आत, खिडकीपाशी, आणि विद्यार्थी बाहेर, खालच्या बाजूला, तिला पाहू शकणार नाहीत असे. तिचे स्वतःचे नाव पेताह्याने दिलेले नाही. एकोणिसाव्या शतकात पूर्व युरोपातल्या व्होल्हिनियातील लुदमिर गावची हान्ना राखेल शनिवारच्या तिसऱ्या जेवणाच्या वेळी अर्धवट उघड्या दारामागून प्रवचन करीत असे आणि बाहेरच्या खोलीत पुरुष ऐकत बसत. म्हणजे सातशे वर्षांनीही व्यवस्था तीच: आवाज बाहेर, माणूस आत. त्या खिडकीखाली बसलेल्या विद्यार्थ्याला गुरूचा आवाज तेवढा ओळखता येत होता. ती कधी थकली, कधी हसली, हे त्याला केवळ शब्दांमधल्या विरामावरून ताडावे लागत असेल. हे लिहायला कोणाला पळवून आणावे लागत नाही, की तुरुंगात टाकावे लागत नाही.

आता माझ्या नायिकेकडे येते. आस्नात बर्झानी हिचा काळ साधारण 1590 ते 1670. तिचे वडील रब्बी शमुएल बर्झानी यांनी कुर्दिस्तानात पाठशाळा उभ्या केल्या. त्यांनाही मुलगा नव्हता. तिची हिब्रू पत्रे आज उपलब्ध आहेत, ही आपली केवढी पुण्याई! त्यांत ती सांगते की ती विद्वानांच्या मांडीवर वाढली आणि पवित्र अभ्यासाखेरीज दुसरे कोणतेही काम वडिलांनी तिला शिकवले नाही. लग्नाच्या वेळी वडिलांनी जावयाकडून शपथ घेतली की हिला घरकामाला लावायचे नाही, आणि ती त्याने पाळली. नवरा रब्बी याकोव मिझ्राही स्वतःच्या अभ्यासात इतका बुडालेला असे की विद्यार्थ्यांना शिकवायला त्याला सवड नसे. ते काम ती करू लागली आणि त्याच्या पश्चात मोसुलची पाठशाळा तिनेच चालवली. तिला ‘तन्नाइत’ म्हणत. मिश्नाकारांना जी पदवी लावतात, तिचेच हे स्त्रीलिंगी रूप.

मग त्या पत्रांत ताण कशाचा आहे? पैशाचा. पाठशाळेवर कर्ज होते. सावकारांनी घरातले सामान नेले, तिचे कपडे नेले, मुलींचे कपडे नेले आणि समोरचे ग्रंथही उचलले. विकायला काही उरले नाही. गावोगावच्या यहुदी वस्त्यांत जाऊन मदत मागायला हाताशी मोठा मुलगा नाही आणि बाईने तसे दारोदार फिरणे रीतीला धरून नाही. म्हणून ती पत्र लिहिते. घरकाम न करण्याची शपथ एका बापाने मिळवली, पण पाठशाळेसाठी रस्त्यावर उतरण्याची मुभा कोणालाच मिळवून देता आली नाही; निषेध तिला नेमका कुठे येऊन भिडला, ते त्या एका वाक्यात कळते. ज्या बाईला स्वयंपाकघरातून सोडवले होते ती उंबरठ्यापाशी अडली, आणि अडल्यावर तिने जे हातात होते तेच वापरले, म्हणजे उत्तम हिब्रू. मी माझ्या संहितेची शेवटची सत्तर पाने या पत्राच्या लेखनाला दिली आहेत. संपादकांना तिथे काही घडत नाही असे वाटले, याचे मला फार वाईट वाटले.

कुर्दिस्तानच्या यहुद्यांनी मात्र आस्नातविषयी गोष्टी रचल्या आणि त्या ब्रुरियाच्या गोष्टीपेक्षा अगदी वेगळ्या आहेत. अमादिया गावी सिनेगॉगला, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहाला, आग लागली तेव्हा तिने एक गुप्त नाम पुटपुटले आणि देवदूतांनी पंखांनी ज्वाळा विझवल्या, अशी एक गोष्ट आहे. ती इतिहास नाही, आणि कोणी ती तशी वाचतही नाही. पण कथाकारांनी विदुषीला पंख दिल्याचेही उदाहरण जवळ आहे, हे आपण विसरू नये.

पुरुषवेशाबद्दल थोडेच बोलते. तो प्रसंग नाटकात रंगतो हे मान्य. राशी यांना योखेवेद, मिर्याम आणि राखेल अशा मुली होत्या आणि त्या तेफिलीन बांधत, म्हणजे पुरुषांनी प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या पेट्या बांधत, ही गोष्ट आज सर्वतोमुखी आहे; तिला समकालीन पुरावा नाही. आपण ती वापरायला हरकत नाही, मात्र मनोगतात तसे स्पष्ट सांगावे. जे पुराव्यानिशी आहे ते यापेक्षा कमी चित्तवेधक नाही, हेच माझे म्हणणे आहे.

तो पुरावा शोधायचा तर हस्तलिखितांच्या आणि छापील ग्रंथांच्या पुष्पिका वाचाव्यात. आपल्या पोथ्यांच्या शेवटी ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा’ म्हणत लेखनिक चुकांची क्षमा मागतो, हे आपल्याला परिचयाचे आहे. येमेनमधील बनाया लेखनिकाची मुलगी मिर्याम हिनेही तोरेच्या एका प्रतीच्या शेवटी क्षमा मागितली आहे. कारण असे दिले आहे की चूक आढळली तर दोष देऊ नका, मी अंगावर पाजणारी बाई आहे. एका हातात बोरू, दुसऱ्या हातात तान्हे मूल. मान्तुआ येथे 1470च्या दशकात अब्राहम कोनात यांच्या छापखान्यात त्यांची पत्नी एस्तेल्लिना हिने एक ग्रंथ छापला आणि शेवटी नमूद केले की हा मी ‘लिहिला’, कारण छापण्यासाठी हिब्रूत अजून शब्दच रुळला नव्हता. आणि देसाउ येथे 1696 साली निघालेल्या एका प्रार्थनापुस्तकात छपाईचे खिळे जुळवणारी स्वतः सांगते की ही अक्षरे मी माझ्या हातांनी जुळवली, मी मोशेची मुलगी एल्ला, माझे वय नऊ वर्षांपेक्षा जास्त नाही, सहा भावंडांत मी एकटीच मुलगी, तेव्हा चूक सापडली तर हे एका पोरीचे काम आहे हे ध्यानात घ्या. पुढे तिने भावाच्या सोबतीने तालमूदच्या एका भागाचेही खिळे जुळवले. खिळे जुळवणाराला मजकूर उलटा वाचावा लागतो, अक्षर अक्षर वाचावे लागते. मुलींना शिकवू नये असा निर्णय ज्या ग्रंथांत आहे, त्यांपैकी एक ग्रंथ एका मुलीच्या बोटांखालून अक्षरशः गेला. हा प्रसंग कोणी लिहील का?

एक गोष्ट कळकळीने सांगते. या विषयावरची कादंबरी म्हणजे यहुदी समाजाला मागासलेला ठरवण्याचे हत्यार होऊ नये. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना उडुपीच्या पंडितांपुढे जाब द्यावा लागला होता, आणि त्याच लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या मुलीला, पंडिता रमाबाईंना, शिकवले. शमुएल बर्झानी हे मराठी वाचकाला परके वाटण्याचे काही कारण नाही. आणि निषेधाचे दार आतूनच उघडण्याचे प्रयत्नही झाले: क्राकोमध्ये कपडे शिवून पोट भरणाऱ्या सारा शेनिरर यांनी 1917 साली मुलींसाठी धर्मशिक्षणाची शाळा काढली, तीही सनातनी चौकटीत राहून, रब्बींचे पाठबळ मिळवून.

भाषेविषयीही विनंती आहे. अनुवादांत रब्बीचा ‘पुजारी’ आणि सिनेगॉगचे ‘मंदिर’ झालेले मी वाचले आहे. रब्बी पूजा सांगत नाही, निर्णय देतो. आपल्याकडचा शास्त्री त्याला अधिक जवळचा. आपल्याला हे शब्द चाचपडत शोधण्याची गरज नाही, कारण मराठी ही यहुद्यांचीही मातृभाषा आहे. जॉन विल्सन यांचे हिब्रू व्याकरण मराठीत 1832 साली निघाले. वल्हांडण या यहुदी सणाच्या रात्री वाचायची हग्गादा 1874 साली पुण्यात मराठी-हिब्रू अशी छापली गेली आणि तिच्या चित्रांत लुगडे नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी लाटताना दिसतात. बेने इस्राएल या मराठी भाषक यहुदी समाजातल्या रिबेका रूबेन 1905 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकमध्ये पहिल्या आल्या आणि पुढे मुंबईतल्या सर एली कदूरी शाळेच्या दीर्घकाळ मुख्याध्यापिका होत्या. ठाणे, मुंबई, पुणे, अलिबाग येथे आजही या समाजाची घरे आहेत. छापण्यापूर्वी एक संहिता त्यांपैकी कोणा जाणकार वाचकाला दाखवणे हे संपादकाचे साधे कर्तव्य आहे.

आणि ज्यांना शिक्षेचीच गोष्ट लिहायची आहे त्यांनी ती खरी लिहावी. तिच्यासाठी युरोपात जावे लागत नाही. 1563 साली गोव्यात छापलेल्या औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथाचे कर्ते, मुंबई बेट ज्यांच्याकडे खंडाने होते ते गार्सिया द ऑर्ता, हे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या यहुदी घराण्यातले. ते 1568 साली वारले आणि त्यांच्या बहिणीला, कातारिना हिला, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून 1569 साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जाळले. 1580 साली गार्सियांची हाडेही उकरून जाळली. भावाचा ग्रंथ जगभर गेला. बहिणीचा ग्रंथ नव्हता. अशा घरांत तोरेची गुंडाळी नव्हती, रब्बी नव्हते, पाठशाळा नव्हती; कोणता दिवस कोणत्या उपासाचा, दिवा कधी लावायचा, काय शिजवायचे नाही, हे सारे बायकांच्या स्मरणात होते आणि तिथूनच मुलांकडे जात होते. मुलीला शिकवू नये म्हणणारा निर्णय इथे लागूच होत नव्हता, कारण शिकवणारीच ती होती. तिच्याविषयी जे आपल्यापर्यंत आले आहे ते तिला जाळणाऱ्यांच्या दप्तरातून आले आहे. त्या दप्तराबाहेरची कातारिना कोण होती, हे पोर्तुगीज जाणणाऱ्या, गोव्याची माती ओळखणाऱ्या कोणा मराठी किंवा कोकणी लेखिकेने लिहावे, अशी माझी फार इच्छा आहे.

माझी संहिता या महिन्यात मी दुसऱ्या एका प्रकाशकांकडे पाठवत आहे. शेवट बदललेला नाही. मोसुलच्या घरात सामान उरलेले नाही, मुली एकाच पांघरुणात निजल्या आहेत, आणि आस्नात कोणते ग्रंथ नेले गेले त्यांची यादी आठवून लिहीत आहे, म्हणजे मदत आलीच तर कोणता आधी सोडवायचा ते ठरवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक वाचक आणि लेखिका, ठाणे